हौसेनं लावलं, आता उपटून दमले : गुलबक्षी, गणेशवेल, सदाफुली आणि मंडळी

अंगणवेडी · ७ जुलै, रात्री ९:४०

जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचं बैठं घर आहे. पुढची-मागची मिळून सहाशे चौरस फूट माती, सगळी काळी. सहा वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा तिच्यावर मुरूम आणि विटांचे तुकडे सोडून काही नव्हतं, म्हणून हाती लागेल ते लावत गेले. शेजारच्या काकूंनी गुलबक्षीच्या मूठभर बिया दिल्या (आमच्याकडे गुलबास म्हणतात). पारोळ्याला माहेरी गेले तेव्हा गणेशवेल आणली. पिवळा कॉसमॉस नर्सरीतून, चक्क पाकीट विकत घेऊन. सदाफुली कुणी दिली ते आठवत नाही, बहुधा कुणीच दिली नाही.

पहिल्या वर्षी कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी मी गल्लीत रोपं वाटली. तिसऱ्या वर्षापासून मी रोपांची पिशवी घेऊन निघाले की बायका दार लावून घेतात.

आता दोन पाऊस बरे झाले आणि काल सकाळी मागचं दार उघडलं तर हिरवी सतरंजी. दोन फूट बाय दोन फूट जागेत मोजून एकतीस गुलबक्ष्या. गणेशवेल मिरचीच्या गळ्यात. भरिताच्या वांग्यांसाठी वाफा केला होता, त्यात वांग्याचं रोप शोधावं लागतंय. सदाफुली फरशीच्या सांध्यांत, चेंबरच्या कडेला आणि एक तर गच्चीच्या पन्हळीत फुललेली.

सासूबाई म्हणतात, फुलंच आहेत ना, काँग्रेस गवत (गाजरगवत) तर नाही, राहू दे. नवरा म्हणतो, सरळ कोबा करू. मला दोन्ही नको. मला गुलबक्षी हवी आहे, पण तीन झाडं. कोण कसं आवरतं ते सांगा.

आणि तुळशीचं वेगळं विचारते. वृंदावनाभोवती शे-दीडशे रोपं आलीत. ती उपटायला हात होत नाही.


केळीचं_खोड · ७ जुलै, रात्री १०:०५

कोबा करू नका. आमच्या रावेरच्या घराचा ओटा कोब्याचा आहे, सदाफुली त्यालाही भेग शोधून आलीय. शेळी सोडली तिच्यावर, तिने वास घेऊन तोंड फिरवलं. उद्या फोटो टाकतो.


पांझराकाठ · ८ जुलै, सकाळी ७:१५

ताई, चारही झाडांना एकाच काठीने हाकू नका. प्रत्येकाची पसरायची रीत वेगळी आहे. (धुळ्याला वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.)

गुलबक्षीचं बी मिऱ्याएवढं आणि जड. ते झाडाखालीच पडतं, वाऱ्याने उडत नाही. म्हणजे ती लांब कुठे उगवली असेल तर पाण्याच्या लोटाने गेली किंवा माणसाने नेली. तिचा खरा त्रास जमिनीखाली आहे. वर्षभराचं झाड रताळ्यासारखा कंद धरतं. वरून कितीही कापा, कंदाला पुन्हा फुटवे येतात. म्हणून रोप दोन-चार पानांचं असताना, माती ओली असताना, बुडाशी धरून ओढायचं. जुन्याला खणून कंदच काढावा लागतो. आणि लहान मुलं घरात असतील तर बिया उचलून ठेवा, बी आणि कंद दोन्ही विषारी असतात.

गणेशवेलीच्या बोंडात साधारण चार बिया, कवच कडक. या सगळ्या एकाच पावसात रुजत नाहीत. थोड्या आत्ता, थोड्या भाद्रपदात, थोड्या पुढच्या वर्षी. त्यामुळे एका रविवारी साफ केलं आणि सुटलो, असं तिच्या बाबतीत होत नाही. आठवड्याला एक फेरी.

कॉसमॉस एका हंगामाचं झाड. त्याला कंद नाही, काही नाही. सगळा जीव बियांवर. फूल सुकून काळपट सुईसारखं बी धरायच्या आत डोकं छाटलं की खेळ संपला.

सदाफुली मूळची मादागास्करची. फुलाच्या जागी शेंगांची जोडी येते, ती हिरवी असतानाच तोडायची. सांध्यातली कोवळी रोपं उकळत्या पाण्याने जातात. कुकरचं, बटाटे उकडलेलं, जे असेल ते. जुनी खोडाळ झालेली जात नाहीत, ती खुरप्याच्या टोकाने मुळासकट.

मुख्य म्हणजे पहिली दोन पानं ओळखायला शिका, म्हणजे वांग्याचं रोप चुकून जाणार नाही. गुलबक्षीची पहिली पानं मोठी, जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराची. गणेशवेलीची पाहिलीत तर हसाल. प्रत्येक पान मधोमध खोलवर चिरलेलं, पाकोळीच्या शेपटीसारखं. खरी पिसासारखी पानं नंतर येतात. एकदा ती चिरलेली जोडी डोळ्यात बसली की पन्नास रोपांतून ओळखू येते.

अवांतर : गुलबक्षीवर राग धरू नका. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की गुलाबी फुलं येतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं. बारावीच्या मुलांना तीस वर्षं मी तेच शिकवत आलो.


अंगणवेडी · ८ जुलै, दुपारी १:२०

सर, पाकोळीची शेपटी! आत्ता जाऊन बघितलं. मी तर त्या रोपांना कोथिंबिरीच्या जातीचं काहीतरी समजून पाणी घालत होते.


वखर · ८ जुलै, रात्री ८:५०

मी चोपड्याकडचा शेतकरी. फुलझाडातलं फार कळत नाही, तणातलं कळतं.

काळ्या जमिनीचं एक ध्यानात घ्या. उन्हाळ्यात ती भेगाळते, कोपरापर्यंत हात जाईल एवढी. वर पडलेलं बी वाऱ्याने आणि पहिल्या पावसाने त्या भेगेत जातं, मग जमीन फुगते आणि भेग मिटते. म्हणजे तुम्ही सहा वर्षं सांडलेलं बी जमिनीने आत भरून ठेवलंय. कुदळ माराल तेवढं ते वर येणार, उजेड आणि ओल लागली की रुजणार. बायका तण काढायचं म्हणून वाफा खोल खणतात आणि पंधरा दिवसांनी दुप्पट येतं, ते याच्यामुळे. खणणं बंद करा.

आम्ही पेरणीआधी काय करतो? पाऊस पडला की तण येऊ देतो. मुद्दाम. दोन-तीन पानांवर आलं की वखराची पाळी घालतो. वखराची पास (पातं) वरवरची माती खरवडते, खालची वर आणत नाही. आठ-दहा दिवसांनी दुसरी फळी उगवते, तिला दुसरी पाळी. मग पेरणी. कोरडवाहूला पेरणी लांबते म्हणून हे सगळ्यांना जमत नाही, पण तुम्हाला कुठे बाजार गाठायचाय?

तुमचं खुरपं म्हणजेच वखर. आडवं धरायचं, बोटभर मातीतून ओढत न्यायचं. उघाड असलेल्या दिवशी, सकाळी, म्हणजे दुपारच्या उन्हात मुळं वाळतात. रिपरिपीत निंदून तिथेच टाकलेलं तण दुसऱ्या दिवशी उभं राहतं.

सासूबाईंना सांगा, तन तं तनच ऱ्हास, तेले फूल उनं म्हनीसन ते पाहुना व्हत नही.


केळीचं_खोड · ८ जुलै, रात्री ९:०२

आप्पा, सासूबाईंना कोण सांगणार? तुम्ही या जळगावला.


शनिपेठकर · ९ जुलै, सकाळी ११:३०

एवढा व्याप कशाला? ग्लायफोसेट मारा, आठ-दहा दिवसांत सगळं पिवळं. किंवा मीठ आणि व्हिनेगर. व्हिडिओ आहेत भरपूर.


पांझराकाठ · ९ जुलै, दुपारी १२:१०

मीठ मुळीच नको. व्हिनेगरने कोवळी पानं करपतात, ठीक आहे, पण मिठातलं सोडियम काळ्या मातीत बसलं की तिची घडण मोडते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा फार लांब नाही, तिथल्या शेतकऱ्याला विचारा खारी जमीन काय असते. फरशीच्या सांध्यात घातलेलं मीठही पहिल्या पावसात वाफ्यातच येणार.


वखर · ९ जुलै, रात्री ९:१५

ग्लायफोसेट हिरव्या पानातून आत जातं. मातीतल्या बियाला काही करत नाही. म्हणजे आज पिवळं, पुढच्या पावसात पुन्हा हिरवं. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने अधिसूचना काढून ते वापरायचं काम परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरतं ठेवलंय. मिरची-वांग्याला लागून असलेल्या सहाशे फुटांत फवारा उडणार नाही, हे मला तरी जमणार नाही.

मला फटका बसला तो दुसऱ्या औषधाचा. टू-फोर-डी. शेजाऱ्याने बांधावरच्या तणावर मारलं, वारा माझ्याकडे होता. कपाशी त्या औषधाला फार हळवी. माझ्या पाच-सहा ओळींची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली, शेंडे आखडले. भांडून काय करता, त्याचाही हेतू वाईट नव्हता. तेव्हापासून कुणी "नुसतं मारा" म्हटलं की मी आधी वारा बघतो.


शनिपेठकर · ९ जुलै, रात्री ९:४०

बरं बाबा. खुरपं घेतो.


कोजागरी · १० जुलै, सकाळी ६:५०

तुळशीचं मी सांगते. मंजिरी धरू द्यायचीच नाही. कोवळी असतानाच खुडायची आणि देवाला वाहायची. झाड दाट होतं, देव खूश आणि बी सांडत नाही. आषाढी आलीच आहे, मंजिऱ्यांना कमी नाही गिऱ्हाईक. फक्त एक तुरा बियांसाठी ठेवा.

उगवलेल्यांतली बोटभर उंचीची निवडून दह्याच्या डब्यांत लावा. मी गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळीस तुळशी दिल्या. स्टीलच्या चमच्यापेक्षा बऱ्या. उरलेली बारीक रोपं माझी आजी (अमळनेरची) उपटून जास्वंदीच्या बुंध्याशी आडवी ठेवायची. तुळस फेकली नाही, जास्वंदीला दिली, असं म्हणायची. मलाही तेवढ्याने चालतं.


अंगणवेडी · १० जुलै, दुपारी २:००

जास्वंदीला दिली! हे मला जमेल. सासूबाईंनाही पटलं.

आप्पा, तुमच्या सांगण्याप्रमाणे पुढचा पट्टा खरवडला. एक शंका. उपटलेलं सगळं मी कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकते, शेंगा-बोंडांसकट. ते चालतं ना? सहा वर्षं तेच खत सगळ्या वाफ्यांना घालतेय.


केळीचं_खोड · १० जुलै, दुपारी २:०४

सापडला चोर.


वखर · १० जुलै, दुपारी २:३०

😀 ताई, तुम्ही खत नाही, पेरणी करताय.


पांझराकाठ · १० जुलै, सायंकाळी ५:४५

हसू नका, हे अर्ध्या गावाचं होतं. बी मरायला खताचा ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापावा लागतो आणि तसा काही दिवस राहावा लागतो. मोठा ढीग, ओलं-सुकं नीट मिसळलेलं, वरचेवर पलटलेलं, तर होतं. घरच्या ड्रमात रोज मूठभर पडतं, तो कोमटच राहतो. गणेशवेलीच्या बीला तिथे अंघोळ घातल्यासारखं होतं.

बी धरायच्या आतलं तण खुशाल ड्रमात टाका. बी धरलेलं एका बादलीत पाण्याखाली बुडवून झाकण लावून महिना-दीड महिना कुजवा. वास येईल, बादली लांब ठेवा. कुजल्यावर ते पाणी आणि चोथा ड्रमात. कच्च्या शेणखतालाही हेच लागू. गुरांनी खाल्लेल्या शेंगांतल्या बिया शेणातून जशाच्या तशा बाहेर पडतात, वेडी बाभूळ अशीच तर सगळीकडे गेली.


भुसावळ_जंक्शन · १२ जुलै, रात्री ११:१०

मूळचा भुसावळचा, आता पुण्यात. वर कॉसमॉसचा उल्लेख आला म्हणून लिहितो. इथल्या टेकड्यांवर पावसाळा संपता संपता जाऊन बघा, उतारच्या उतार केशरी-पिवळे. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. ते सगळं मेक्सिकोतलं, बागेतून सुटलेलं. त्याच्याखाली आपलं गवत, आपली बारीकसारीक रानफुलं दबून जातात. कुणीतरी "परिसर सुशोभीकरण" म्हणून बी फेकतं आणि घरी जातं.

अंगणवेडी ताईंची गुलबक्षी कुंपणाच्या आत आहे, ती त्यांची डोकेदुखी. कॉसमॉसचं तसं नाही. मी तर म्हणेन तो लावूच नका.


कोजागरी · १३ जुलै, सकाळी ७:३०

पण त्यावर फुलपाखरं किती येतात! माझ्या कुंड्यांतला मी तरी काढणार नाही.


भुसावळ_जंक्शन · १३ जुलै, सकाळी ९:००

फुलपाखरू रस कुठलाही पितं. त्याच्या अळीला पान खायला लागतं, ते कॉसमॉस देत नाही. लिंबू, कढीपत्ता लावा, अळ्या येतील. मग तुम्ही अळ्यांबद्दल धागा काढाल. 😀


तोरणमाळ · १३ जुलै, रात्री ८:२०

शहाद्याहून. घाणेरीची, म्हणजे टणटणीची गोष्ट माहीत नसेल तर सांगतो. आज सातपुड्यात वर चढताना जिथे-तिथे दिसते ती टणटणी रानाची नाही, बागेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. रंगीत गुच्छ, कुंपणाला बरी, गुरं खात नाहीत. कुणाला वाईट वाटलं असेल? मग बुलबुलांनी काळी फळं खाल्ली आणि पुढचं काम केलं. आमच्याकडे चराईचे उतार गेले, तेंदू आणि मोहाच्या खाली पोरं वेचायला जातात तर काट्यांतून वाट काढावी लागते.

बागेत एखादी उगवली असेल तर वरून छाटू नका, जास्त फुटते. मातीखाली दोन-तीन इंचांवर, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर, तसंच वाळू द्यायचं. पावसाळ्याआधी, फळं धरायच्या आत.


पांझराकाठ · १३ जुलै, रात्री ९:३०

या यादीत सुबाभूळ घाला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चारा आणि जळण म्हणून गावोगाव लावली. चारा चांगला, पण त्यातल्या मिमोसीन या विषारी द्रव्यामुळे तोच तो खाऊ घातला तर जनावरांचे केस झडतात. शेंगा वाळल्या की बी चौफेर. सुबाभळीची कुबाभूळ झाली असं लोक म्हणतात ते उगाच नाही. आणि बेशरम तर नावातच आलं. बांधाला कुंपण म्हणून आणली, उपटून नाल्याकडेला फेकली तर फेकलेल्या जागी रुजली.


केळीचं_खोड · १३ जुलै, रात्री ९:४१

आमच्या वर्गात एकाचं टोपणनाव बेशरम होतं. मास्तर रोज वर्गाबाहेर काढायचे, तो व्हरांड्यात रुजायचा.

कामाचं बोलतो. तण खाऊन संपवा. घोळ आलीय ना वाफ्यात? डाळ घालून भाजी. तरोटा कोवळा असताना ओरबाडा, लसूण-मिरचीत परता, कळणाची भाकरी. तांबडा माठ तर एकदा बी पडलं की जन्मभर पेरायला नको. केन्याची भजी. रावेरला आमच्या आईला निंदणीच्या बाया सांगून ठेवतात, घोळ टाकू नका, घरी न्यायची.


पांझराकाठ · १३ जुलै, रात्री ९:५५

केना मात्र जपून. त्याची निळी फुलं दिसतात ती वर, पण तो जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरतो आणि तिथेच बी करतो. वरून भजीपुरतं खुडलं तरी खाली त्याचं चालूच. वर कांड्यांना मुळं फुटतात ते वेगळंच.

तरोट्याला एक मान आहे. गाजरगवताच्या जागेत तरोटा दाट येऊ दिला तर तो त्याला बराच दाबतो. गाजरगवत पुण्यात १९५५ साली नजरेत आलं आणि तिथून देशभर गेलं. ते खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बंगळुरात सोडले, आपल्याकडेही पावसाळ्यात पानांवर दिसतात, पांढुरक्या अंगावर काळे पट्टे. दिसले तर त्या झाडांना हात लावू नका, त्यांना जेवू द्या. बाकीचं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून. अनेकांना त्याने अंगावर खाज-पुरळ येतं, एकदा सुरू झालं की दरवर्षी छळतं.


शनिपेठकर · १४ जुलै, सकाळी १०:००

म्हणजे गाजरगवत घालवायला तरोटा, मग तरोटा घालवायला?


केळीचं_खोड · १४ जुलै, सकाळी १०:०३

लसूण, मिरची.


अंगणवेडी · २९ सप्टेंबर, दुपारी ४:१५

बरेच दिवसांनी. हिशेब देते.

खरवडण्याच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत टोपलंभर निघायचं, चौथ्या वेळी ओंजळभर. वांग्याचा वाफा वाचला, कानबाईच्या सणातल्या रोटांना घरचीच वांगी होती. वाफ्यांत केळीची वाळकी पानं चार बोटं जाड पसरली (रावेरवाल्यांनी पोतं भरून दिली, आभार). त्याच्याखालून जवळजवळ काही येत नाही. तोटा एकच, तेरडाही आला नाही आणि मला तेरडा हवा होता. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, यंदा तेवढाही नाही. शेंगा तडकायच्या आत कापडी पिशवी बांधून बी जमवायचं, हे पुढच्या वर्षी.

सदाफुलीवर कुकरचं पाणी. कॉसमॉस काढून टाकला, भुसावळ_जंक्शन यांच्या बोलण्याने झोप लागेना. सगळा नाही, दोन ठेवले होते, त्यांची डोकी मी रोज छाटत होते. आठ दिवस गावाला गेले, परत येईतो दोघांनीही बी सांडलं. तेव्हा काढले.

आता कोडं. गुलबक्षी मागे आटोक्यात आली. पण पुढच्या भिंतीलगत, जिथे सहा वर्षांत एकही झाड नव्हतं, तिथे ओळीत चौदा रोपं. सर म्हणाले होते बी लांब जात नाही. तिथे कंपोस्टही घातलेलं नाही. पाणी उलट दिशेने वाहतं. उंदीर?


पांझराकाठ · २९ सप्टेंबर, सायंकाळी ६:००

ओळीत?


अंगणवेडी · २९ सप्टेंबर, सायंकाळी ६:०५

हो. साधारण वीतभर अंतर सोडून.


वखर · २९ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

उंदीर वीत मोजत नाही.


कोजागरी · २९ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

भुलाबाई बसल्यात ना सध्या? 🙂


अंगणवेडी · ३० सप्टेंबर, सकाळी ८:१०

कोजागरीताई, तुम्ही कसं ओळखलंत?

काल संध्याकाळी गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला आल्या आणि सासूबाई पुढच्या भिंतीपाशी पाट टाकून बसल्या होत्या. गुलबक्षी साडेचार-पाचला उमलते, म्हणजे मुली यायच्या वेळेला. सासूबाई पोरींना तिच्या वेण्या करायला शिकवतात. दोरा नाही, सुई नाही, फुलांच्या लांब देठनळ्याच एकमेकींत गुंफत जायच्या. पंधरा पोरी डोक्यात गुलाबी-पिवळ्या वेण्या घालून घरी गेल्या. त्यातल्या निम्म्यांना ते फूल आधी माहीतही नव्हतं.

मी उपटून टाकलेल्या ढिगातल्या बिया त्या जूनपासून पदराच्या गाठीत बांधून ठेवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तू मागे उपटत होतीस ना, मी पुढे लावली. मागचं तुझं, पुढचं माझं."


केळीचं_खोड · ३० सप्टेंबर, सकाळी ८:१५

आप्पा, आता तुम्ही खरंच या जळगावला.


वखर · ३० सप्टेंबर, सकाळी ८:४०

मी काही येत नाही. ती बाई ओळीत, अंतर सोडून पेरते. ते तण नाही, पीक आहे.


तोरणमाळ · १८ एप्रिल, रात्री ९:००

धागा वर काढतो. आता ऊन तापलंय. ज्यांच्या वाफ्यात फारच बी साठलंय त्यांनी प्लास्टिकचा प्रयोग करावा. वाफा सपाट करून भरपूर पाणी द्यायचं, दुसऱ्या दिवशी वर पारदर्शक पातळ प्लास्टिक, पंचवीस ते पन्नास मायक्रॉनचं, मातीला चिकटेल असं ताणून कडा मातीत पुरायच्या. चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं, माती कमी तापते. आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात वरची दोन इंच माती पन्नासच्या पुढे जाते. बारीक बियांचा निकाल लागतो. लव्हाळ्याच्या गाठी आणि खोल गेलेलं कडक कवचाचं बी मात्र त्यातूनही वाचतं.


अंगणवेडी · १९ एप्रिल, सकाळी ७:००

करते. आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) घालते.


अंगणवेडी · १० जून, रात्री ९:२०

प्लास्टिक दोन वाफ्यांवर घातलं होतं. मेच्या मध्यावर वादळ आलं, एकाचं प्लास्टिक उडून समोरच्यांच्या गच्चीवर. दुसरं पाच आठवडे टिकलं. काढल्यावर मी मुद्दाम काही खणलं नाही, पहिल्या पावसाची वाट पाहिली.

टिकलेल्या वाफ्यात आठ दिवसांत आलं ते एवढंच : लव्हाळा आणि सहा पाकोळीच्या शेपट्या. माठ नाही, घोळ नाही, सदाफुली नाही. उडालेल्या वाफ्यात नेहमीची सतरंजी. दोन्हींचे फोटो शेजारी-शेजारी ठेवलेत, बघा. घोळ नाही म्हणून घरात थोडी नाराजी आहे.

लव्हाळ्याचं काय करू?


वखर · १० जून, रात्री ९:४५

लव्हाळ्याला मी पस्तीस वर्षं विचारतोय. उत्तर आलं की सांगतो. तोवर पात दिसली की ओढा, पाच पानांवर जाऊ देऊ नका, गाठीला पोसायला मिळालं नाही की हळूहळू दमते. हळूहळू म्हणजे दोन-तीन वर्षं.


अंगणवेडी · ११ जून, दुपारी १२:३०

चालेल. सहा वर्षं पेरलंय, दोन वर्षं उपटते.

पुढच्या भिंतीची वाटणी कायम आहे. सासूबाईंना मधून एक विटांची कड घालून दिली, त्यांनी ती चार इंच माझ्या बाजूला सरकवली. सुकलेल्या फुलांखालच्या बिया त्या स्वतः रोज वेचतात, डबीत भरतात, पोरींना वाटतात. फक्त त्यांच्याकडे गुलाबी आणि पिवळीच आहे. काल मला म्हणाल्या, "ते तुझ्या मोबाइलवरचे मास्तर पांढऱ्या गुलबासाचं सांगत होते ना, त्यांच्याकडे आहे का विचार."

सर, आहे का?


पांझराकाठ · ११ जून, दुपारी १:१५

आहे. तीन बिया पाठवतो. मोजून.